रोल धुवायला किती घेता?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत हल्ली तरुण मुलांच्या गळ्यात पुन्हा रोलचे कॅमेरे दिसू लागले आहेत. कुणाला आजोबांचा सापडला, कुणी जुन्या बाजारातून आणला. छत्तीस फोटो काढून झाले की प्रश्न येतो: रोल धुवायला टाकायचा कुठे आणि स्वस्त कुठे? एकेकाळी इथे बडोद्यात सकाळी टाकलेल्या रोलच्या कॉप्या संध्याकाळी हातात पडत. आता चौकशी करत फिरावं लागतं.

आमच्या घरी ही चौकशी जरा जपून झाली. बाबांच्या कॅमेऱ्यात एक रंगीत रोल तसाच राहिला होता, आकडा २४ वर. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. रोल एकदाच धुतला जातो. बिघडला तर पुन्हा संधी नाही. म्हणून भाची आणि मी वही घेऊनच बसलो.

पहिलं ठिकाण जवळचं. धुणं आणि स्कॅन मिळून दर सगळ्यात कमी. पण निगेटिव्ह परत देत नाहीत, फक्त फोनवर फोटो पाठवतात. दुसरं मुंबईचं, कुरियरने पाठवायचं. तिथे धुण्याचे वेगळे, स्कॅनचे वेगळे, कुरियरचे वेगळे पैसे. निगेटिव्ह मात्र सहा-सहाच्या पट्ट्या कापून परत. तिसरा पर्याय भाचीच्या ओळखीतल्या मुलाचा. तो घरीच कृष्णधवल रोल धुतो, जवळपास रसायनाच्या खर्चात. रंगीत रोलला मात्र तो स्वतःच नको म्हणाला, आणि ते मला आवडलं. रंगीत रोलचं पहिलं रसायन ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास, सव्वातीन मिनिटं लागतं. तापमान थोडं हललं तरी रंग बिघडतात.

नुसता दर विचारून भागत नाही, हे या वहीतून दिसलं. समजण्यापुरते आकडे घेऊ. जवळच्या लॅबमध्ये सगळं मिळून ५०० रुपये. बाहेरगावी धुणं २५०, स्कॅन २००, जाण्यायेण्याचं कुरियर २००. एका रोलला ६५० पडतात. पण चार मित्रांनी चार रोल एकत्र पाठवले आणि कुरियर तेवढंच राहिलं, तर एकूण २०००, म्हणजे रोलमागे तेच ५००! शिवाय निगेटिव्ह घरी येतात.

स्कॅनचा आकारही विचारायचा. १५०० बाय १००० पिक्सेलच्या स्कॅनवरून सहा बाय चार इंचाची कॉपी चांगली निघते. भिंतीवर लावायला बारा बाय आठ हवी असेल, तर ३००० बाय २००० लागतात. आणखी एक प्रश्न मोलाचा: रंगीत रोल किती दिवसांनी धुता? रोल कमी येत असतील तर रसायन पडून पडून शिळं होतं.

बाबांचा रोल आम्ही मुंबईला पाठवला. रोल जुना आहे हे चिठ्ठीवर लिहिलं, फोनवरही सांगितलं. दोन आठवड्यांनी पाकीट आलं. चोवीसपैकी नऊ फोटो ओळखू येतात, बाकी सगळं करडं धुकं. रंग उडालेले. एकात आई ओट्यापाशी उभी आहे, हातात पुरणाचं पातेलं, कपाळाला आठी. आईला दाखवला तर म्हणाली, "पुरण खाली लागत होतं, आणि ह्यांना फोटो सुचत होते!" मग बराच वेळ तिनं फोन परत दिला नाही.

स्कॅन थोडा फिका आलाय. भाची म्हणते, मावशी, पुढे चांगल्या यंत्रावर पुन्हा करून घेऊ. ते शक्य आहे, कारण निगेटिव्ह आमच्याकडे आहेत. मूळ वस्तू तीच. फोनवरचा फोटो ही तिची एक नक्कल. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून त्या पट्ट्या कागदी पाकिटात घालून कोरड्या डब्यात ठेवल्यात.

तेव्हा मुलांनो, "किती घेता?" जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, "परत काय काय देता?"