न उमटलेला शब्द

आम्ही दोघे भाऊ मिरजेत डीटीपीचे दुकान चालवतो. मराठी मजकूर श्रीलिपीत, उर्दू इनपेजमध्ये, आणि दोन्ही आणून बसवायचे कोरलड्रॉमध्ये. इनपेजमधला नस्तालिक ईपीएस करून कोरलमध्ये आणला की प्रत्येक हरफ चित्रासारखा जागच्या जागी राहतो. ही जुळवाजुळव जमते म्हणून आजूबाजूच्या गावांतूनही निकाहच्या पत्रिका आमच्याकडे येत.

2006 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. गल्लीतल्या एक खाला मुलीच्या निकाहची पत्रिका करायला आल्या. मुलीचे वडील दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झालेले. मॅटर खालांच्या भावाने वहीच्या पानावर लिहून दिले होते. गडद हिरवी पत्रिका, वर चंद्रकोर, तिच्याभोवती मंद उजेड, डाव्या पानावर पांढऱ्या अक्षरांत मराठी, उजव्या पानावर उर्दू आणि माथ्यावर पूर्ण बिस्मिल्लाह. आम्ही ७८६ सुचवले होते, कारण पत्रिका कुठेही पडतात, पायाखाली येतात. खाला म्हणाल्या, "नाही बेटा, यांना पूर्णच आवडायचं."

उर्दूचे प्रूफ मौलवीसाहेबांनी वाचले. मराठीचे खालांनी स्वतः, कारण त्या शिकल्या मराठी शाळेत. वाचता वाचता त्यांचे बोट एका नावावर थांबले. "इथं मरहूम लिहायचं राहिलं की रे." आम्ही लगेच घातले. खाली निमंत्रकांच्या यादीत नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या नावाआधी तोच शब्द काळ्या अक्षरांत होता. तो उचलला, पांढरा केला, वर नेऊन ठेवला. दुकानातल्या प्रिंटरवर छापून दाखवला. खालांनी मान हलवली.

पीडीएफ करून सीडी पाठवली, पॉझिटिव्ह निघाल्या, प्लेटा झाल्या. प्रेसमधून पहिला ताव आला तो पाहून आमचे धाबे दणाणले. चंद्राभोवती चौकोन! हिरव्या आकाशात एक फिकट हिरवा डबा, आणि डब्यात चंद्र. पडद्यावर याचा मागमूस नव्हता.

कारण असे. छपाईच्या यंत्रणेची जुनी भाषा पोस्टस्क्रिप्ट. तिला पारदर्शकता ठाऊकच नाही. वरची वस्तू खालचीला झाकते, बस. पीडीएफलाही ती 2001 साली, 1.4 या आवृत्तीत आली. त्याआधीच्या 1.3 मध्ये फाइल काढली की सॉफ्टवेअर उजेड, सावली, झिरझिरीत रंग यांचे खालच्या चित्रासकट तुकडे करून सपाट थर बनवते. आमचा उजेड आरजीबीत होता, आकाश सीएमवायकेत. सपाट करताना उजेडाचा जेवढा चौकोनी तुकडा पडला, तेवढ्यातल्या हिरव्याचे रूपांतर वेगळ्या हिशेबाने झाले. कधी कधी अशा तुकड्यांच्या सांध्यांवर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसतात, तर कधी उजेडाखाली सापडलेली अक्षरे उगाच जाड होतात. शिंप्याच्या पोरांना हे समजायला वेळ लागू नये: कापड एकाच ठाणातले नसेल तर ठिगळ दिसणारच.

रात्रभर बसून दुरुस्त केले. आकाश, चंद्र, उजेड एकत्र निवडून 300 डीपीआयचे एकच सीएमवायके चित्र केले, म्हणजे एकाच हिरव्याचा सगळा पट. अक्षरे त्याच्या वर, वेगळी, कर्व्ह करून. नवी पॉझिटिव्ह. दुसरा ताव आला, चौकोन गेला होता. आम्ही प्रेसमध्येच चहा मागवला आणि चारशे पत्रिका छापायला सांगितल्या.

गठ्ठा खालांनी उघडला. पहिली पत्रिका हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या. आम्हाला वाटले, चंद्र आवडला. मग त्यांनी पत्रिका आमच्यापुढे धरली. नावाआधी नुसता हिरवा रंग. मरहूम नाही.

उजव्या पानावर होते. म्हणजे उर्दू वाचणाऱ्याला ते वारलेले, मराठी वाचणाऱ्याला हयात, मुलीच्या निकाहला बोलावणारे.

शब्द पहिल्या तावावरही नव्हता. दोघांचे चार डोळे चंद्रावर. काळी अक्षरे आम्ही नेहमी ओव्हरप्रिंट करतो, म्हणजे खालचा रंग न कापता काळी शाई वरून बसते आणि कडेला पांढरी फट राहत नाही. शब्द उचलला तेव्हा तो गुण त्याच्यासोबत आला. आता, ऑफसेटवर पांढरी शाई नसते. पांढरे म्हणजे उघडा ठेवलेला कागद. पांढऱ्याला ओव्हरप्रिंट सांगणे म्हणजे काहीही न छापता खालचे तसेच राहू द्या म्हणणे. यंत्राने हुकूम पाळला. पडदा आणि दुकानातला प्रिंटर तो हुकूम मानत नाहीत, म्हणून तिथे शब्द दिसत होता. आणि शब्द खालांनी सांगून घातलेला होता, हे आम्हाला जास्त लागले.

आम्ही म्हणालो, परवापर्यंत पुन्हा छापून देतो, पैसे नकोत. खाला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपे झाले असते. त्यांनी हातातली पत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली. "ही एक राहू दे माझ्याकडं," एवढेच.

दुसऱ्या छपाईत आमची त्या हंगामाची कमाई गेली.

आज हे पुष्कळ सोपे आहे. पीडीएफ-एक्स-4 हा 2008 सालचा नमुना पारदर्शकता जशीच्या तशी पुढे जाऊ देतो. सपाट करायचे काम प्रेसमधले नवे यंत्र शेवटी, एकाच हिशेबाने करते. पण सगळ्यांकडे नवे यंत्र नसते, आणि जुना एक्स-1ए अजूनही मागितला जातो. तिथे उजेड आपणच आधी सपाट करून द्यावा. इंकस्केप वापरणाऱ्या पोरांना आम्ही सांगतो की धूसर केलेली प्रत्येक गोष्ट पीडीएफ होताना ठिपक्यांचे चित्र बनते, तेव्हा तिथले डीपीआय आधी पाहा. आणि कोणतीही फाइल बाहेर पडण्याआधी ॲक्रोबॅटमध्ये ओव्हरप्रिंटचा देखावा चालू करून नावे मोठ्याने वाचतो. एकाने वाचायची, दुसऱ्याने वहीतल्या मॅटरवर बोट ठेवायचे. गिऱ्हाईक हसते कधी कधी.

चुकीच्या पत्रिका रद्दीत घालता आल्या नाहीत. माथ्यावर बिस्मिल्लाह. कृष्णेत ठंड्या करू म्हणून गठ्ठा माळ्यावर ठेवला होता, तो अजून तिथेच आहे. तीनशे नव्याण्णव.