लेआहीच्या कड्यावर जाण्याआधी

पत्र पहिले
वायकीकी, होनोलुलू



वायकीकीच्या किनाऱ्याला पूर्वेकडून अडवून बसलेला डोंगर म्हणजे डायमंड हेडचे विवर. हवाईयन लोक त्याला लेआही म्हणतात. काही लाख वर्षांपूर्वी वर येणाऱ्या शिलारसाची पाण्याशी गाठ पडली आणि स्फोट झाला. उडालेली राख भोवताली बसत गेली आणि घट्ट होऊन तिचा खडक झाला. सह्याद्रीचा काळा कातळ संथ वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. इथला खडक पिवळसर-तपकिरी आणि ठिसूळ. ईशान्येकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांनी राख समुद्राकडे लोटली, म्हणून नैर्ऋत्येची कड सर्वांत उंच झाली. पायवाट जाते ती याच २३२ मीटर उंचीच्या माथ्यावर.

वाट एकीकडून जेमतेम १.३ किलोमीटर आणि चढ सुमारे १७० मीटर. हे आकडे पाहून लोक तयारी न करता येतात, आणि तिथेच फसगत होते. मे २०२२पासून हवाईबाहेरच्या प्रवाशांना आधी ऑनलाइन आरक्षण करावे लागते. ते तीस दिवस आधी खुले होते आणि सकाळच्या वेळा लवकर संपतात. प्रवेश माणशी ५ डॉलर, गाडी लावायची असेल तर गाडीमागे आणखी १०. हवाईच्या रहिवाशांना ओळखपत्र दाखवून मोफत प्रवेश मिळतो. गाडीची जागा मिळाली नाही तरी बेत मोडण्याचे कारण नाही. शहर बस विवराबाहेर सोडते आणि तिथून बोगद्यातून चालत आत जाता येते.

फाटक सकाळी सहाला उघडते, शेवटचा प्रवेश दुपारी चारला, आणि संध्याकाळी सहाच्या आत सर्वांनी बाहेर पडायचे असते. सूर्योदयासाठी जाणाऱ्यांनी महिना पाहावा. जूनमध्ये फाटक उघडण्याआधीच सूर्य वर आलेला असतो; जानेवारीत तो सातनंतर उगवतो, तेव्हा माथ्यावर वेळेत पोहोचता येते. कोणत्याही ऋतूत पहिल्या दोन तासांतली वेळ घेणेच चांगले. वाटेवर सावली फार थोडी आणि विवरात वारा अडतो, त्यामुळे दहानंतर उकाडा असह्य होतो. पाणी खालीच भरून घ्यावे, वर मिळत नाही. टोपी आणि पकड असलेले बूट हवेतच. चप्पल घालून येणारे पुष्कळ दिसतात, पण उतरताना भुसभुशीत मातीवर पाय घसरतो.

पत्र दुसरे
डायमंड हेडच्या पायथ्याशी

ही वाट प्रवाशांसाठी बांधलेली नाही, हे चढताना जागोजागी कळते. किनाऱ्याच्या संरक्षणासाठी अमेरिकी लष्कराने ती १९०८मध्ये काढली. खेचरांवरून सामान जाईल एवढीच तिची रुंदी. सुरुवातीचा भाग काँक्रीटचा आणि सोपा, मग खडबडीत नागमोडी चढ. त्यानंतर पहिला काँक्रीटचा चौथरा लागतो. इथे एके काळी यारी बसवून दोरखंडाने विवराच्या तळातून सामान वर ओढत. बहुतेक जण इथे फक्त दम घेतात आणि पुढे पळतात, पण हा डोंगर समजून घेण्याची खरी जागा हीच. विवराचा सपाट तळ आणि त्याभोवतीची कड इथून दिसते.

पुढे ७४ पायऱ्या, जवळजवळ सत्तर मीटर लांबीचा अरुंद बोगदा आणि लगेच ९९ पायऱ्यांचा सरळ चढ. गुडघे दुखणाऱ्यांनी हा तुकडा ध्यानात घेऊन निघावे. बोगद्यानंतर डावीकडून वळसा घालून जाणारी वाटही आहे. ती लांब पण सौम्य, तरी पायऱ्या तिच्यावरही आहेत. बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांनी बोगद्याचाही विचार करावा. वरच्या निरीक्षण ठाण्याचे काम १९११मध्ये पूर्ण झाले. तिथून वायकीकीतल्या आणि विवराजवळच्या तोफांना नेम सांगितला जाई. त्या ठाण्यातला गोल जिना चढून, फटीसारख्या झरोक्यातून वाकून बाहेर पडले की माथा.

पश्चिमेला होनोलुलूच्या उंच इमारती, खाली १९१७चे दीपगृह आणि प्रवाळखडकांवर फुटणाऱ्या लाटा. डिसेंबर ते एप्रिलमध्ये दुर्बीण न्यावी. त्या दिवसांत कुबड्या देवमासे किनाऱ्याजवळ येतात. माथ्यावर जागा कमी, त्यामुळे गर्दीत कठड्याशी थोडाच वेळ मिळतो. जाऊन-येऊन दीड ते दोन तास लागतात. वयस्कर माणसे बरोबर असतील तर अर्धा तास जास्त धरावा आणि गाडीचे आरक्षण दोन तासांचेच असते हे विसरू नये.