मुद्दलाला हात

आमच्या कुंडलमध्ये बऱ्याच घरांत एक पाय रानात आणि एक कारखान्यात असतो. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वाडी वसवली, तेव्हापासूनची ही रीत. मीही याच भागात लेथवर उभा राहिलो. पुढं वडील थकले, रान बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा ५३व्या वर्षी राजीनामा दिला.

हातात काय होतं? पीएफ ४० लाखांच्या घरात, ग्रॅच्युइटी आणि जुन्या ठेवी धरून १० लाख, शिवाय दोन एकर ऊस. घरखर्च महिना २८ हजार. सल्ले फुकट होते. पाव्हणे म्हणाले, पीएफ काढून स्लॅब टाका. मित्र म्हणाला, पेन्शन ५०पासून मिळती, लगेच चालू कर. मिळते खरी, पण ५८च्या आत घेतली तर दर वर्षामागं ४ टक्के कपात, आणि तीही जन्मभर.

वडिलांचा कायदा एकच, मुद्दलाला हात लावायचा नाही. तो कायदा मी पाळला असता तर व्याज तेवढंच राहिलं असतं आणि किराणा दरसाल वाढला असता. मुद्दल खायचंच, फक्त कुठलं आधी, एवढं ठरवायचं होतं.

अमेरिकेतल्या विल्यम बेन्गेन या सल्लागारानं १९९४ साली हिशेब मांडला होता : पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढं महागाईइतकी वाढ करा, ३० वर्षं पैसा पुरतो. तिकडचे शेअर, तिकडचे रोखे, तिकडची महागाई. म्हणून ४ टक्के ही मी वरची हद्द धरली. ५० लाखांचे ४ टक्के म्हणजे वर्षाला २ लाख, महिना साडेसोळा हजार. उरलेलं उसानं भागवायचं. ऊसबिल महिन्याच्या महिन्याला येत नाही, म्हणून त्यातून खत, विमा, लग्नकार्याचा आहेर असले ठोक खर्च.

मग क्रम लावला. आधी १० लाख संपवायचे. त्यातले वर्षाचे २ लाख बचत खात्यात, बाकीच्याच्या वेगवेगळ्या मुदतीच्या पावत्या, दरसाल एक पिकेल अशा. प्रत्येक पावतीच्या मागं बायकोनं पेन्सिलीनं महिना लिहिलाय. तिची विचारणा असते, ‘ह्या जूनची मोडली का न्हाई?’ पीएफला ५८पर्यंत हात नाही. नोकरी सुटल्यावरही तोवर व्याज मिळतं, २०२३-२४चं सव्वाआठ टक्के होतं. मात्र राजीनाम्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तो धरूनच आकडे मांडले. ५८ला पूर्ण पेन्शन सुरू, पीएफ बाहेर. ६०ला त्यातले ३० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत, कारण एकट्याला तेवढीच मर्यादा आहे. व्याज तिमाहीला येतं, ते मला ऊसबिलापेक्षा बरं वाटतं.

स्लॅब मी टाकला नाही. पाव्हणे अजून विचारतात.

लवकर नोकरी सोडणाऱ्यांना एकच विनंती : राजीनाम्याआधी पीएफ, आधार आणि बँक पासबुक समोर घेऊन नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून बघा, आणि वारसाची नोंदही करून टाका. नोकरीत असताना हे काम सोपं जातं.