पुढे काही आहे का?

दर रविवारी आईचा सांगलीहून फोन येतो. हवापाणी, गुडघे, शेजारच्यांचं बांधकाम झालं की ठरलेला प्रश्न. "नातू काय म्हणतो? अजून ते बेसबॉलच का? त्यात पुढे काही आहे का रे?"

मी "बघू" म्हणतो. सतरा वर्षांच्या पोराचं 'पुढे' कोणाला दिसतं? पण याच प्रश्नाचा पगार घेणारी माणसं अमेरिकेत आहेत, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या एकाच्या शेजारी मी तीन तास बसलो.

नातेवाईकांसाठी थोडं आधी सांगतो. आमचे चिरंजीव शॉर्टस्टॉपला उभे राहतात, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. उजव्या हाताने खेळणारा बरा धावपटू फटका मारल्यापासून साधारण ४.३ सेकंदांत पहिल्या बेसवर पोचतो. अंतर ९० फूट. तेवढ्यात जमिनीवरून उसळत आलेला चेंडू उचलायचा, पाय लावायचे आणि पार पलीकडे फेकायचा. आपल्याकडे कव्हरला चेंडू हातातून निसटला तर एक धाव जाते, इथे तेवढ्यात फलंदाज बेसवर उभा असतो.

तर आमच्या इथे मिशिगनमधे पोरांची चाचणी होती. पालक जाळीमागे, पोरं मैदानात. माझ्या शेजारी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. बराच वेळ मी गप्प बसलो, मग न राहवून विचारलं, "तुम्ही चेंडूकडे बघतच नाही?"

"चेंडू कुठे जातो ते सगळ्यांनाच दिसतं," ते म्हणाले. "मी पाय बघतो. बॅटला चेंडू लागायच्या क्षणी पहिलं पाऊल कुठे पडतं ते. आणि चूक झाल्यावर पुढचा चेंडू त्याला हवासा वाटतो की नकोसा, ते."

मग त्यांनी गुण कसे देतात ते सांगितलं. २० पासून ८० पर्यंत. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. फटका, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण, फेक, या प्रत्येकाला दोन आकडे. एक आजचा आणि एक उद्याचा. "आजचा आकडा कोणीही देईल. मला पैसे उद्याच्या आकड्याचे मिळतात." त्यासाठी म्हणे ते पोराचे खांदे, मनगटं बघतात आणि जमलं तर बापही बघून घेतात. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी साडेपाच फूट! चिरंजीवांचा उद्याचा आकडा माझ्या उंचीत दडलेला आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

मी लगेच माझी पाठ केलेली उदाहरणं काढली. आमच्यापासून दोन तासांवरच्या कॅलामझूचा डेरेक जीटर. १९९२ साली ह्यूस्टनचे स्काउट हॅल न्यूहाउजर 'यालाच घ्या' म्हणत होते, संघाने पहिल्या क्रमांकावर फिल नेव्हिनला घेतलं आणि न्यूहाउजरनी नोकरी सोडली. जीटर सहावा निवडला गेला. १९९३ मधे ग्रीन्सबरोला त्याने ५६ चुका केल्या, तरी २०२० साली हॉल ऑफ फेममधे निवडून आला तेव्हा ३९७ पैकी ३९६ मतं! आणि होसे अल्तुवे? माझ्याच उंचीचा. व्हेनेझुएलात बुटका म्हणून चाचणीतून परत पाठवला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. २००७ साली त्याच ह्यूस्टनने १५,००० डॉलरला घेतला, आणि २०१७ साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला ठाऊक आहे. पण परत पाठवलेली बाकीची पोरं खरंच बुटकी होती. त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही."

मग न मागताच म्हणाले, "तुमचा सात नंबर ना? हात मऊ आहेत, पाय छान आहेत. फेक ४०. शॉर्टस्टॉपवरून ती पुरणार नाही. सेकंड बेसला कॉलेजात खेळेल. त्यापुढचं आज लिहायचं झालं तर मी नाही लिहीन."

परतीच्या वाटेवर चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, ते काय म्हणाले?"

इथे मला माझे वडील आठवले. मी पंधरा वर्षांचा असताना क्रिकेटच्या निवडीनंतर सरांनी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "यंदा दहावी आहे." किट माळ्यावर गेलं. सर काय म्हणाले ते मला आजतागायत माहीत नाही. वडील गेले, आता विचारणार कोणाला? नापास झाल्याचं दुःख केव्हाच संपलं. कशात कमी पडलो हे न कळल्याचं मात्र अजून आहे.

म्हणून सगळं सांगितलं. चाळीस आकड्यासकट, 'नाही लिहीन'सकट. पुढचे वीस मैल गाडीत चिडीचूप. बायको घरी माझ्यावर भडकली, "लगेच सांगायची काय गरज होती?" ती चुकली असं मी म्हणणार नाही. पोरगा त्या रात्री जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ग्लव्ह घेऊन अंगणात आला. "बाबा, जमिनीवरून मारा." मी बॅट घेतली. तो नेहमीच्या बाजूला न जाता पलीकडे, सेकंड बेसच्या बाजूला जाऊन उभा राहिला. पहिले चार चेंडू सुटले. तिथून कोन उलटा पडतो, वळून फेकावं लागतं. पाचव्याला म्हणाला, "परत."

अंधार पडेपर्यंत मारत होतो. खांदा दोन दिवस दुखला.

या रविवारी आईचा फोन आला. पुढे काही आहे का? या वेळी मी 'बघू' म्हटलं नाही. म्हटलं, "आई, बहुतेक नाही. आणि त्याला ते माहीत आहे."

ती क्षणभर थांबली. "आणि तरी खेळतो?"

"रोज."

"बरं. मग दूध वाढव त्याचं," म्हणाली, आणि फोन ठेवला.