विमानाचं पोट

नकाशावर बंगळुरू आणि दिल्ली यांच्यामध्ये पट्टी धरली, तर रेघ अंजनगाव सुर्जीच्या अगदी जवळून जाते. विमानांशी आमच्या गावाचा संबंध एवढाच. बाकी आमची ओळख 1803 च्या तहाची, विड्याच्या पानांची आणि पानपिंपरीची. तरी पोरवयापासून मी विमानांचे फोटो काढत आलो, ते या रेघेच्या भरवशावर. विमानतळाशेजारी राहणाऱ्या छांदिष्टांना विमान बाजूनं दिसतं. खिडक्यांची रांग, शेपटीवरचं चिन्ह, चाकं टेकताना उडणारा धूर, सगळं त्यांच्या वाट्याला. माझ्या वाट्याला विमानाचं पोट. तेही दहा-अकरा किलोमीटर खालून.

मामाकडे अगफा क्लिक-थ्री होता. 120 चा रोल, त्यात बारा फोटो, आणि त्या बाराही फोटोंवर घरातल्या सगळ्यांचा डोळा. साक्षगंध, बारसं, आजीची पंच्याहत्तरी यांतून एखादा उरला तर तो रिकाम्या आभाळावर घालवायचा म्हणजे शुद्ध नासाडी. मी घालवला. तेव्हा इंडियन एअरलाइन्सची बोइंग 737 होती, 1976 पासून एअरबस ए-300 आली. तीस मीटरचं 737 त्या उंचीवरून अशा कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवर जेमतेम पाव मिलिमीटर उमटतं, हे गणित मला फार पुढं कळलं. प्रिंट हातात आली तेव्हा आभाळ लख्ख होतं. निगेटिव्हवर धूळ बसली की प्रिंटवर पांढरा ठिपका येतो, आणि तो बारीक ब्रशनं शाई लावून घालवायची स्टुडिओतली रीत होती. स्टुडिओवाल्यानं इमानेइतबारे माझं विमान घालवलं होतं!

त्याच काळात गावात फोटो काढण्यासारखी एक गोष्ट रोज येत होती. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी शकुंतला, नॅरोगेजवरची. 1994 पर्यंत तिला मँचेस्टरमध्ये घडलेलं वाफेचं इंजिन होतं. बाहेरगावचे लोक कॅमेरे घेऊन तिच्यासाठी यायचे. ती थांबायची, फोटोसाठी उभी राहिल्यासारखी उभी राहायची. मी तिचे हातावर मोजण्याइतकेच फोटो काढले. आज डिझेलही नाही आणि गाडीही नाही, तेव्हा लोक मला शकुंतलेचे फोटो मागतात. माझ्याकडे ढगांच्या मध्ये पांढरी रेघ असलेले डबे भरून आहेत.

नोकरी लागल्यावर नागपूरहून सेकंडहँड झेनिट आणि 300 मिलिमीटरची लेन्स आणली. बोइंग 747 साधारण सत्तर मीटर लांब. बरोबर डोक्यावर असताना ते पूर्ण चंद्राच्या दोन-तृतीयांश एवढं भरतं, आणि 300 च्या लेन्सनं फिल्मवर दोन मिलिमीटरही होत नाही. पण दोन मिलिमीटरमध्ये पंखांचा कोन कळतो, इंजिनं मोजता येतात. मागच्या रेघांवरूनही विमानं ओळखू येतात: दोन इंजिनांच्या दोन, 747 च्या चार, थोडं मागं जाऊन त्या एकमेकींत मिसळतात. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजार फुटांवर आणि पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर, हा आभाळातला वाहतुकीचा नियम कळल्यावर तर खाटेवर उताणं पडून तासन्‌तास जायला लागले. बायको म्हणायची, यांची मान वर गेली की घरातलं काही दिसत नाही. खरंच होतं.

रेघ म्हणजे धूर नव्हे. इंजिनातून निघालेली वाफ उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीत गोठून तिचे बर्फकण होतात. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, ओलसर असेल तर पसरत राहते. त्यामुळे रोहिणीत शेजारचे शेतकरी मला विचारायचे, "सर, इमानाची रेघ आज लय वेळ टिकली, पाणी येते का?" दहा किलोमीटर वरच्या ओलाव्याचा आणि आमच्या पेरणीचा इतका सरळ संबंध नाही, हे मी सांगायचो. कुणाला ते पटत नसे, आणि एखाद्या वर्षी पाऊस खरंच यायचा.

नागपूरची गोष्ट वेगळी. 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं रोज मध्यरात्री सोनेगावला जमायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. ती माझ्या कॅमेऱ्याआधीच बंद झाली. मला मिळालं ते 1991 मध्ये तिथं येऊन पडलेलं आणि 2015 पर्यंत हलूच न शकलेलं बोइंग 720. उभं, जवळ, बाजूनं दिसणारं! पण 1937 च्या विमान नियमांप्रमाणे सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई. कॅमेरा पिशवीत ठेवून मी ते नुसतं पाहिलं.

मग निकॉनचा पी-900 आला, 83 पट झूमचा, आणि एमिरेट्सच्या पोटावरचं नाव अंगणातून वाचता येऊ लागलं. फोनवर फ्लाइटरडार24 आलं. कुठलं विमान, कुठून कुठं, किती फुटांवर, सगळं बोटावर. सोय झाली हे खरं, पण ओळखण्यातली अर्धी गंमत त्यानं खाल्ली, असं माझं स्पष्ट मत आहे. मी आधी अंदाज वहीत लिहितो, मग फोन उघडतो. 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं बंद होती तेव्हा वहीही बंद होती. पुढं चार रेघा कमी होत गेल्या. एअर इंडियाच्या शेवटच्या 747 पैकी एकानं 2024 च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडली. दोन इंजिनांत भागत असताना चारांना तेल कोण पाजणार?

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोऱ्याला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं, अलायन्स एअरचं एटीआर-72. धावपट्टी 1,850 मीटरची, त्यावर मोठं जेट यायचं नाही. पुढं एका सकाळी मी कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. लवकर गेलो, कारण उन्हाळ्यात दहानंतर जमिनीवरून अशा झळा उठतात की लांबच्या लेन्समध्ये विमान पाण्यात बुडाल्यासारखं थरथरतं. जेटसाठी हाताला वेगवान शटरची सवय. पंख्याच्या विमानाला ते चालत नाही. सहा पाती जागच्या जागी थिजतात आणि विमान बंद पडून हवेत लटकल्यासारखं दिसतं. शटर एकशे पंचविसावर आणलं.

आयुष्यात पहिल्यांदा विमान माझ्याकडे बाजूनं आलं. खिडक्या, दार, वर बसवलेले पंख, चाकांवरची माती. मी त्याच्या पोटाखाली वाकून बघायचा प्रयत्न करत होतो, तर शेजारी मोटारसायकल लावून उभा असलेला एक जण बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाला, "काय काका, आता कायले फोटो काढता? तिकीट काढा ना!"