हलकी गाडी

काही माणसे पहिल्या प्रेमाची आठवण वहीत ठेवलेल्या पिंपळपानासारखी जपतात. माझ्या वहीत पान नाही, एक पिवळी पडलेली जाहिरात आहे. आणि ती एका मोटारीची आहे. आमच्या हिला हे ठाऊक आहे. ती म्हणते, "या सवतीचा मला कधी जाच झाला नाही. घरात आलीच नाही ना ती!"

१९६५ साली मी पुण्याहून नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला आलो. एका पावसाळी सकाळी बसच्या रांगेत भिजत उभा असताना समोरून लोटस एलान गेली. कॉलिन चॅपमनच्या कारखान्याने १९६२ साली आणलेली दोन माणसांची गाडी. पोटात पोलादाचा एकच कणा, वर फायबरग्लासचे अंग, आणि सारे वजन सातशे किलोंच्या आसपास. चॅपमनचा हिशेब साधा होता. जोर वाढवण्याआधी ओझे कमी करा. हलकी गाडी चटकन वळते, चटकन थांबते. आपल्या संतांनी तरी प्रपंचाबद्दल याहून वेगळे काय सांगितले आहे?

त्या काळी सुटे भाग विकत आणून गाडी घरी जोडली, तर खरेदीकर वाचत असे. मी पैसे साठवू लागलो. दोन वर्षांनी ते जमले, आणि त्याच आठवड्यात वडिलांचे पत्र आले : धाकटीचे लग्न ठरले. पैसे पुण्याला गेले. दुःख झाले नाही म्हटले तर खोटे होईल. पश्चात्ताप मात्र झाला नाही.

पुढे एलान बंद पडली. १९८९ साली तिचा पुनर्जन्म झाला, तेव्हा माझ्या खिशात पैसे होते. मी मोठ्या उमेदीने पाहायला गेलो. नाव तेच, पण वजन टनाच्या घरात, एंजिन जपानी, आणि जोर मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना. गाडी चांगली होती. पण माझी गत नव्या संचातले 'सौभद्र' पाहणाऱ्या म्हाताऱ्यासारखी झाली. गाणारा बिचारा सुरात गात असतो, आणि म्हातारा जुनाच आवाज शोधत असतो. मी हात हलवत परत आलो. गंमत अशी, की त्याच वर्षी जपानच्या माझदाने एमएक्स-५ काढली. जुन्या एलानपासून धडा घेतलेली, मागच्या चाकांवर धावणारी. नाव एका घरी, संस्कार दुसऱ्या घरी!

२०१० साली पॅरिसच्या प्रदर्शनात आणखी एक नवी एलान मांडली गेली. ती विक्रीला आलीच नाही. तरी नुसती कुणकुण लागली, की आम्हा वेड्यांच्या मनाला पालवी फुटते. आणि पाठोपाठ शंका येते. आजच्या गाडीला धडक सोसणारी चौकट हवी, छातीपुढे हवेच्या पिशव्या हव्यात. विजेवर चालवायची तर बॅटरीचे ओझे आले. यातले नको तरी काय म्हणावे? पिशव्यांवाचून माझ्या नातवंडांना मी गाडीत बसू देईन काय?

गेल्या वसंतात नात दारात गाडी घेऊन उभी राहिली. लोटसची एलिस, १९९६ साली निघाली त्या पहिल्या घाटाची. ॲल्युमिनियमची चौकट, वजन सव्वासातशे किलोंच्या जवळपास. कारखान्याच्या तेव्हाच्या मालकाने आपल्या नातीच्या नावावरून तिचे नाव ठेवले होते.

"आजोबा, बसा ना."

मी चक्राकडे पाहिले. "हिच्यात पिशवी नाही."

"नाही. मी हळू चालवीन."

गुडघे कुरकुरले. नातीने खांदे धरले, हिने पाय उचलून आत ठेवले, आणि मी एखाद्या गाठोड्यासारखा आसनात पडलो. गावाबाहेरच्या पहिल्या वळणावर गाडी मनात येताच वळली. साठ वर्षांपूर्वी बसच्या रांगेतून जे नुसते पाहिले होते, ते त्या क्षणी कळले. पुढचे वळण येईपर्यंत मात्र मी दाराची कड घट्ट धरून बसलो होतो. आनंदाने की धास्तीने, हे अजून ठरलेले नाही.

आपल्याकडे नातीला आजीचे नाव ठेवतात. इथे नातीचे नाव घेऊन आजीच परत आली होती.

घरी आलो, तो ही दारातच. "आली का हो शेवटी सवत घरात?"

"नाही," मी म्हटले, "तिची नात आली होती. आधी मला बाहेर काढा."