खडा हलका आहे

थोरोच्या ‘वॉल्डन’मधले (1854) हिवाळ्यातील तळ्याचे प्रकरण आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. आपल्या तळ्याचा बर्फ जहाजातून जाईल आणि उकाड्याने हैराण झालेले मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक आपल्याच विहिरीचे पाणी पितील, अशी कल्पना त्यात आहे. तिला आधारही होता. 1833 साली बॉस्टनहून निघालेल्या ‘टस्कनी’ जहाजाने कलकत्त्यास बर्फ पोचवला. वाटेत पुष्कळ वितळूनही शंभरेक टन उरला होता. आमगाव-देवरीकडची मुले हे ऐकून हसत. आम्हीही हसत असू. बर्फ म्हणजे चैन, ही आमची समजूत. ती मोडली 2019 च्या उन्हाळ्यात, गोंदियातल्या आमच्याच स्वयंपाकघरात.

बाबूजींचे डायलिसिस सुरू होऊन वर्ष झाले होते. दिवसभरात किती पाणी घ्यायचे, याला डॉक्टरांनी मर्यादा घातलेली. तहान फारच लागली तर बर्फाचा खडा चघळावा, थोड्या पाण्यात तोंड जास्त वेळ ओले राहते, मात्र तेही पाणी हिशोबात धरावे, असा सल्ला मिळाला. म्हणून आपोआप बर्फ करणारा फ्रिज घेतला. पहिल्याच दिवशी दहा खडे वितळवून मोजले: दीडशे मिलिलिटर. एका खड्याचे पंधरा. दिवसाला वीस खडे ठरले आणि भिंतीवर वही टांगली गेली.

बाबूजींची उमेदीची वर्षे राइस मिलच्या काट्यावर गेली. नवतपा लागला त्या सुमारास एक दिवस खडा तळहातावर घेऊन ते म्हणाले, “खडा हलका आहे.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. आम्ही ते म्हातारपणाच्या कुरकुरीत जमा केले. आठवड्याने यंत्र बंदच पडले.

मग आम्ही माहितीपुस्तिका घेऊन बसलो. (साहित्याच्या माणसाने हेही वाङ्मय वाचावे, त्यात एक विशेषण फुकट जात नाही.) बर्फाच्या पेटीवरचा तारेचा दांडा वर अडकला तर पेटी भरली असे समजून यंत्र थांबते, आमचा खालीच होता. फ्रीजरचे तापमान उणे 18, म्हणजे ठीक. मागचा कॉक उघडा. गाळणी बदलून पाहिली. साचा मात्र कोरडा ठणठणीत.

शेवटी मिस्त्री आला. साच्यात पाणी सोडणारी नळी बर्फानेच बुजली होती. गरम पाण्याचे फडके लावून त्याने ती मोकळी केली आणि विचारले, “सर, पाण्याला जोर नाही जी. पंप कुठे गेला?”

दाब वाढवणारा पंप कमी व्होल्टेजने जळाला होता. रिवाइंडिंगला दिलेला दुकानातच पडून होता. नळांना गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत होते, त्यामुळे कुणाचे काही अडले नव्हते. पण फ्रिजच्या व्हॉल्व्हला साधारण चौदा मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो, आणि आमची टाकी जेमतेम तीन मीटर वर. व्हॉल्व्ह ठरावीक सेकंदच उघडतो. तेवढ्यात साचा अर्धवट भरे. मिटतानाही दाब पुरत नसल्याने थेंब थेंब गळत राही, आणि ते थेंब नळीत गोठत गेले.

पेटीच्या तळाशी उरलेले दहा खडे आम्ही मापात वितळवले. नव्वद. म्हणजे वहीत पंधरा लिहून बाबूजींच्या हाती नऊ पडत होते. डॉक्टरांच्या दृष्टीने यात अपाय नव्हता. पण तहान आधीच मोजूनमापून दिलेली होती, आणि मापात आम्हीच मारले होते. मुंबई-कलकत्त्याचे ते तहानलेले लोक कोण, हे थोरोला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमचा तहानलेला माणूस तर शेजारच्या खोलीत कूलरसमोर बसून स्पष्ट मराठीत सांगत होता. असो.

पंप परत आला. पहिले दोन घाणे टाकून दिले. तिसऱ्यातला खडा बाबूजींनी तळहातावर तोलला.

“आता बरोबर आहे,” म्हणाले. मग वहीकडे पाहून, “आणि मागची बाकी?”

आम्ही खरोखरच हिशोबाला लागलो. खड्यामागे सहा, वीस खडे, आठ दिवस: नऊशे साठ मिलिलिटर.

बाबूजी हसले. “राहू दे. एवढे एकदम देशील तर डॉक्टर तुलाच रागावतील.”